बेहड्याच्या ढोलीतली बाळंतीण

ईशान, मीरा, सुरुवातीलाच माझी एक चूक कबूल करते. कोस्टारिकाहून परत आल्यावर तुम्ही मला फोनवर टूकन नावाच्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याचा फोटो दाखवलात. मी चष्मा न लावताच म्हणून टाकलं, "अरे, हे तर आमच्या रत्नागिरीतही आहेत!" ईशानने ते वर्गात जाऊन सांगितलं, आणि त्याच्या बाईंनी सांगितलं की टूकन आशियात कुठेच नाही. मग त्याचा मला फोन आला. "आजी, तू नक्की पाहिला होतास?"

त्या 'नक्की'चा मला राग आला, कारण तो अगदी रास्त होता. मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि पस्तीस वर्षं मुलांना हाच प्रश्न विचारला. आता तो माझ्यावरच आला होता. तेव्हा मी ठरवलं की जाऊन डोळ्यांनी पाहायचं, वहीत लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं. गेल्या आठवड्यात जाऊन आले. जे झालं ते सांगते.

शनिवार : पालीच्या पुढे

माझी जुनी विद्यार्थिनी सुलभा आता स्वतः शिक्षिका आहे. रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे, आत डोंगरात तिचं सासर आहे. तिनेच फोन केला होता. "बाई, आमच्या शेताच्या बांधावर बेहड्याच्या ढोलीत गरुडाचं घर आहे. शिमगा झाला की या." गरुड म्हणजे पुराणातला नव्हे. आमच्याकडे खेडोपाडी मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याला गरुड म्हणतात.

पिशवीत आजोबांची दुर्बीण, वही, दोन पेन्सिली आणि फूटपट्टी घेतली. पालीपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. जीपमध्ये अकरा माणसं, एक कोंबडा आणि मी. कोंबड्याला खिडकीची जागा मिळाली, मला नाही.

सुलभाच्या घरी तिची सासू, जिला सगळे आये म्हणतात, ओटीवर बसून ओल्या काजूच्या बिया सोलत होती. बोटं चिकाने काळी झाली होती.

"ह्याच का तुज्या मास्तरीणबाय?" तिने सुलभाला विचारलं. मग मला, "पाखरू बघाया आलाव? रत्नांग्रीत पाखरं नायत?"

"आहेत, पण एवढ्या मोठ्या चोचीची नाहीत."

"चोची मोठ्या असलेली माणसं असतील की," आये म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली की मांडीवरच्या बिया घरंगळल्या.

जेवायला नाचणीची भाकरी, त्याच काजूंची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी आणि कोकमाचं सार होतं. दुसऱ्या भाकरीला मी हात आडवा धरला तर आये म्हणाली, "येवढंसं खाता, म्हणून शहरातली माणसं वाऱ्यानं हलतात." तुमच्याकडे पाहुण्याला 'आणखी हवं का' असं एकदा विचारतात आणि तो नाही म्हणाला तर विश्वास ठेवतात. इथे नाही म्हणणं ही फक्त बोलण्याची सुरुवात असते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुपारी चारला सुलभा मला शेतावर घेऊन गेली. सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, संपतो तिथून तांबडी पायवाट खाली उतरते. दोन्ही बाजूंना काजू, आणि मग भाताची लहान लहान शेतं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. या दिवसांत ती कोरडी असतात, नुसती ढेकळं. वाळलेल्या गवतावरून माझा पाय सरकला आणि दोन पायऱ्या मी बसूनच उतरले. लागलं काही नाही, पण सुलभाला हसू आवरताना फार त्रास झाला.

सगळ्यात खालच्या शेताच्या बांधावर तो बेहडा उभा आहे. करडं, सरळ खोड, आणि तीसेक फुटांवर एक ढोली. ढोलीचं तोंड मातकट लिंपणाने बंद केलेलं होतं. मध्ये फक्त एक उभी फट, माझी चार बोटं जेमतेम जातील एवढी.

"ती आत आहे, बाई," सुलभा कुजबुजली. "पंधरा दिवस झाले."

आम्ही काजूच्या झाडाआड बसलो. वीस मिनिटं काहीच नाही. आणि मग आवाज आला. कोणीतरी आभाळात बसून मोठं सूप पाखडतंय असा, फस् फस् फस्. मी वर पाहिलं आणि मुलांनो, माझ्या तोंडून चक्क इंग्रजीत काहीतरी निघालं, ते मी इथे लिहीत नाही.

केवढा तो पक्षी! शेपटी धरून जवळजवळ तीन फूट. पाठ आणि मान कुळकुळीत काळी, पोट पांढरं, पंखांच्या कडांना पांढरी किनार. चोच फिकट पिवळी, खाली वळलेली, आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं पिवळं-काळं शिंग. तो खोडाला बिलगला, मान मागे टाकली, आणि घशातून एक उंबर वर काढून चोचीच्या टोकावर धरलं. फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं. त्याने दिलं. तिने घेतलं. मग दुसरं उंबर, मग तिसरं. एवढ्या अवजड चोचीने तो ते इतकं अलगद देत होता की मीराच्या दुधाच्या दातावर लावायचं औषधसुद्धा आम्ही इतक्या हलक्या हाताने लावलं नसेल. मी मोजली. एकवीस उंबरं, आणि शेवटी एक सरडा.

आता ओळख पटवण्याचं काम. हा मलबारी कवड्या धनेश. टूकन नव्हे, नव्हेच. ईशान, तुझ्या बाईंना सांग की आजीची चूक झाली आणि त्यांचं बरोबर होतं. टूकनच्या चोचीवर असं शिंग नसतं. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, धनेशाची तीन पुढे आणि एक मागे. टूकनही झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, पण नर-मादी आळीपाळीने उबवायला बसतात आणि दार उघडं असतं. दोघांची चोच मोठी का, तर दोघेही फळं खाणारे. बारीक फांदीवर न बसता लांबूनच फळ तोडता येतं. वेगवेगळ्या खंडांत राहून दोघांनी एकाच गरजेवर सारखाच उपाय काढला, नातं मात्र नाही. धनेश हा हुप्प्याच्या, म्हणजे तुरेवाल्या हुदहुद पक्ष्याच्या, गोतावळ्यातला. आणि टूकनचा खरा भाऊबंद कोण, माहीत आहे? आमच्या अंगणातल्या पिंपळावर दुपारभर टुक्-टुक् करणारा तांबट! मुठीएवढा हिरवा पक्षी. मीरा, तू इथे आली होतीस तेव्हा त्याला 'घड्याळ' म्हणायचीस, तोच.

धनेशाची मादी काय करते ते ऐका. ढोलीत शिरते आणि आतून स्वतःच दार लिंपून घेते, आपली विष्ठा आणि फळांचा गर वापरून. साप आणि माकडं आत येऊ नयेत म्हणून. मग अंडी, मग पिल्लं, आणि ती मोठी होईपर्यंत सुमारे तीन महिने मादी बाहेर येत नाही. खायला सगळं नर आणतो.

हे मी वहीत भराभर लिहीत होते, तेवढ्यात मागून पाचोळ्याचा आवाज आला. सुलभाचा नवरा महेश डोक्यावर हिरव्या-वाळक्या फांद्यांचा भारा घेऊन उतरत होता. महेश मुंबईला एका कंपनीत नोकरी करतो, शिमग्याला आला होता. त्याने भारा शेतात टाकला. आणि तेव्हा प्रथमच मी शेताकडे नीट पाहिलं. अख्ख्या शेतावर फांद्या, पाला आणि गवत यांचे थर पसरलेले होते, गुडघाभर उंच.

"कसली ही तयारी?"

"भाजावळ, बाई," महेश म्हणाला. "उद्या सकाळी पेटवणार. सोमवारी दुपारी माझी गाडी."

भाजावळ तुम्हाला माहीत नसेल. भाताची रोपं ज्या वाफ्यात करतात तिथली जमीन आधी अशी भाजून घेतात. त्यामुळे तणाचं बी मरतं आणि राखेचं खत होतं. शेकडो वर्षांची रीत आहे. पण ते शेत बरोबर बेहड्याखाली होतं. उठणारा सगळा धूर त्या फटीवर जाणार होता, आणि आतली मादी दार बंद करून बसलेली होती.

मी वही मिटली. "महेश, तिचं काय होईल?"

"उडून जाईल की. गेल्या साली पण हितंच भाजलं."

"गेल्या वर्षी ती ढोलीत होती?"

महेशने डोकं खाजवलं. "वर कोण बघतंय, बाई? भाजावळीला माणूस खालीच बघतो."

"ती उडू शकत नाही," मी म्हणाले. "ढोलीत बसल्यावर ती पंखांतली पिसं गाळते."

"सगळी? एकदम? मग ती पुस्तकातली झाली."

त्याचंही चूक नव्हतं. मी पुस्तकातूनच सांगत होते, आणि पुस्तकावर विसंबून एखाद्याचं चार दिवसांचं काम मोडायला सांगणं सोपं नसतं. मी उठले आणि झाडाखाली गेले. फटीच्या बरोबर खाली फळांच्या बिया, विष्ठा, आणि त्यातच कुठे कुठे उगवलेले कोवळे कोंब होते. आणि पिसं. लांब, काळी, टोकाला पांढरी. मी वेचत गेले, सुलभाही वेचू लागली. लाल मुंग्या चढल्या तरी सोडलं नाही. एकूण चौदा मिळाली.

ती मी बांधावर मांडली. फूटपट्टीने मोजून लांबीप्रमाणे लावली. मग लक्षात आलं की काही पिसं डावीकडे वळतात, काही उजवीकडे. तशी जोडी लावली. सहा जोड्या लागल्या, डावं-उजवं, सारख्या लांबीची. दोन एकटी उरली. आयुष्यभर पेपरांचे गठ्ठे लावले, पण इतका आनंद कधी झाला नव्हता.

"हे बघ. दोन्ही पंखांची पिसं एकाच वेळी पडली आहेत."

"नराची असतील."

बोलावल्यासारखा तो आलाच. फस् फस् फस् करत आमच्या डोक्यावरून गेला. दोन्ही पंख पसरलेले, एकही फट नाही. महेश त्याच्याकडे पाहत राहिला, मग बांधावरच्या पिसांकडे, मग वर ढोलीकडे.

"आयला," तो म्हणाला. "हिला तर पंखच नायत."

शनिवार, संध्याकाळ : ओटीवर

दिवेलागणीला महेशने आयेला सगळं सांगितलं. आये भाकरीचं पीठ मळत होती. हात थांबला नाही.

"मग काय करायचं म्हणतोस?"

"वरच्या शेतात न्यायचं सगळं. तिथं भाजायचं."

"वरच्या शेतात पाणी तुजा बापूस आणून घालील? रोपं वर आली नि पावसानं दडी मारली की विहिरीवरनं हंडे कोण वाहणार? तू मुंबईला. मी नि सुलभा." मग माझ्याकडे वळून, "नि बाय, बाळंतिणीला धूर चालतो की. आमी सगळ्यांनी घेतली धुरी. ओवा नि लसणीची सालं टाकून."

"धुरी चालते आये," सुलभा म्हणाली, "पण खोलीला बाहेरनं कडी लावून होळी नाही पेटवत कोणी."

आये हसली नाही. खरं तर मला खूप बोलायचं होतं; पण हंडे मी वाहणार नव्हते. सोमवारी मी रत्नागिरीला परत येणार होते, नळाच्या पाण्याकडे.

पिठाचा गोळा परातीत उलटासुलटा झाला. मग आयेने विचारलं, "किती दिवस बसते म्हणालाव?"

"तीन महिने."

"नि ह्यो रोज आणतो?"

"रोज. आज दुपारपासून मी पाहिलं, चार वेळा आला."

आयेने महेशकडे पाहिलं. "बघ. तुजा बापूस वर्षातनं दोनदा यायचा, शिमग्याला नि गणपतीला. तूपण तसाच. ह्यो दिवसातनं चार वेळा येतो."

"त्याला कंपनी नाय ना, आये," महेश म्हणाला.

आता मात्र ती हसली. परात बाजूला सारली, हात पुसले. "उद्या उजाडताना उठा. मी गवत वाहीन, फांद्या तुमी. नि मास्तरीणबाय, तुमीपण. नुसतं लिवून भारा उचलत नाय."

रविवार : भारे

मी भारा उचलला! चौऱ्याहत्तराव्या वर्षी, डोक्यावर चुंबळ ठेवून. मोठा नव्हता, आयेच्या भाऱ्याच्या पाव हिस्साच असेल, पण खालच्या शेतातून वरच्या शेतापर्यंत एकोणीस खेपा केल्या. पहिल्या खेपेला भाऱ्यातून एक सुरवंट मानेवर पडला आणि मी असा नाच केला की शेजारच्या शेतातली दोन माणसं काम टाकून आली. मला पाहायला आली आणि आयेने त्यांना कामाला लावलं. त्यांच्या बायकाही आल्या. कोणी पैशांचं बोललं नाही, कोणी आभार मानले नाहीत. आज तुमचं, उद्या आमचं, असा इथला हिशेब.

दुपारी सावलीत सगळ्यांनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. एका बाईने मला विचारलं, "नातवंडं कुठं असतात?" परदेशात, मी सांगितलं. "तिकडं ढोली असतात का?" मी म्हटलं, असतात, पण त्यात सुतार पक्षी आणि खारी राहतात. "म्हणजे चोची लहान," ती म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं.

पण माझ्या वहीत एक गोष्ट नोंदवलेली होती आणि ती मला टोचत होती. इतकी माणसं, इतका आवाज. रविवारी दिवसभरात नर फक्त दोनदा आला. दुसऱ्यांदा तर लांबच्या किंजळीच्या झाडावर बसून राहिला आणि खायला न घालताच परत गेला.

संध्याकाळपर्यंत खालचं शेत रिकामं झालं. माझी मान दुखत होती. आयेने खोबरेल तेल गरम करून स्वतः चोळलं. इतक्या जोरात की दुखणं बरं वाटायला लागलं.

सोमवार : वरचं शेत

उजाडायला लागलं तेव्हा वारा नव्हता. महेशने शेताभोवतीचा पाचोळा झाडून काढला, पाण्याचे हंडे भरून ठेवले, हिरव्या फांद्या हाताशी घेतल्या आणि चार कोपऱ्यांनी पेटवलं. धूर सरळ वर चढला, दोरीसारखा. मग वरून डोंगराचा वारा उतरला आणि धूर वाकला, बेहड्याच्या दिशेने. मी उभी राहिले. महेश आणि सुलभा त्या बाजूचा जाळ ओल्या फांद्यांनी झोडपत होते. आये हंडा रिकामा करत होती, तोंडाने वाऱ्याला शिव्या देत होती. दोन-तीन मिनिटं असेल ते. मग वारा पडला. धूर अर्ध्या वाटेतच विरला, झाडापर्यंत पोचला नाही. तासाभरात शेतावर नुसती करडी राख उरली.

सुलभा आणि मी खाली जाऊन काजूआड बसलो. सात वाजले, आठ वाजले. नर आला नाही.

नऊला मी वहीत शून्य लिहिलं. माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? भाजावळ हलवली, सगळं गाव जमा केलं, आणि त्या गोंधळानेच त्याला पळवून लावलं असेल तर? तो आलाच नाही तर आतली उपाशी बसेल किंवा दार फोडून बाहेर येईल, बिनपिसांची. तिला वाचवायला म्हणून जे केलं त्यानेच ती मरणार, असं मला वाटायला लागलं. सुलभाने माझा हात धरला, म्हणजे तिलाही तेच वाटत असावं.

दहाला महेश अंघोळ करून, बॅग खांद्याला लावून आला. साडेदहाची जीप चुकली तर पालीहून त्याची मुंबईची गाडी चुकणार होती.

"आला?"

"नाही."

तो उभाच राहिला. मग बॅग खाली ठेवून माझ्या शेजारी बसला. आये पण उतरून आली होती, पदराला राख लागलेली. चौघं एका रांगेत, माना वर. वरच्या रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"जा तू," सुलभा म्हणाली.

"थांबतो. दुसरी गाडी बघीन."

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला आणि जीप गेली. तिचा आवाज सड्यावर विरत गेला. तो पुरता विरला नव्हता तोच मला दुसरा आवाज ऐकू आला. आधी वाटलं भास. मग महेशने माझा दंड इतका घट्ट दाबला की अजून निळा आहे.

फस् फस् फस्.

तो किंजळीवर उतरला. मान वाकडी करून खालचं रिकामं शेत पाहिलं, वरची राख पाहिली, आमच्याकडे पाहिलं असावं. आम्ही श्वास घेत नव्हतो. मग एक झेप घेऊन तो बेहड्याच्या खोडाला बिलगला आणि घशातलं फळ चोचीच्या टोकावर आणून फटीपाशी धरलं.

काहीच झालं नाही. तो तसाच धरून राहिला. मी पाचपर्यंत मोजलं, दहापर्यंत मोजलं. आणि मग त्या अंधाऱ्या फटीतून फिकट पिवळं टोक हळूच पुढे आलं आणि फळ आत गेलं.

दुसरं आत गेलं. तिसरं. पुढची मी मोजलीच नाहीत, मोजायला डोळ्यांना स्पष्ट दिसायला हवं.

आयेने पदराने चेहऱ्यावरची राख पुसली.

"जेवली," ती म्हणाली. "चला. आता आपण जेवू."